बटणावर वाजणारा भाऊ

१२ जून

ताई,

परवा सकाळी मी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं.

भांडारपाल चहाला गेला होता आणि भांडार उघडंच होतं. फुटक्या ढोलांच्या मागे एका फळीवर ते ओळीने ठेवलेले असतात. त्यातला एक उचलला. बँडमध्ये सगळे त्याला डबाच म्हणतात. दिसायला हुबेहूब बिगूल, पितळेचं, घासून लख्ख केलेलं. तोंडाच्या आत, बाहेरून दिसणार नाही असा, छोटा स्पीकर बसवलेला. अंगठा टेकतो तिथे बटण. बटण दाबायचं, बिगूल ओठांना लावायचं, की जरा थांबून अंत्यविधीची अखेरची धून सुरू होते. ते जरासं थांबणं मुद्दाम ठेवलंय, धरणाऱ्याला गाल फुगवायला सवड मिळावी म्हणून. कुणीतरी डोकं लावून केलेली गोष्ट आहे ही. चांगल्या डोक्याचाच राग जास्त येतो बघ.

मी एका पेटीवर बसलो, डबा मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. सुरुवातीला वाटलं, वाजवतोय बरा. परक्या माणसाचं ऐकावं तसं ऐकत होतो. मग धून वर चढते ती जागा आली. तिथे मी एक चोरटा श्वास घेतो, तुला माहीत आहे. उस्तादांनी ती खोड मोडायला काय काय केलं, पण गेली नाही. डब्यातूनही तो श्वास आला, स्पष्ट. मी पुन्हा बटण दाबून बंद केलं. पुढचं ऐकवेना.

वर ‘तीर्थरूप’ लिहून खोडलंय, ते दिसेलच. गावच्या शाळेत गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेला सगळा मायना अजून पाठ आहे. पण बोलणं बंद असलेल्या बहिणीला ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असं लिहायला हात धजत नाही. कारण तुला ठाऊक आहे, मलाही.

भांडारात गेलो त्याचं निमित्त वेगळं. संचालकांनी बोलावलं होतं. बँडची शताब्दी येतेय. मोठा कार्यक्रम, मोठं पुस्तक, सगळंच मोठं. त्यात नव्या डब्यांची खेप यायची आहे आणि नव्या डब्यांसाठी नवं ध्वनिमुद्रण हवंय, कारण जुनं जरा खरखरतं. म्हणाले, “तुमच्याइतका स्वच्छ सूर दुसऱ्या कुणाचा नाही. तुम्हीच पुन्हा वाजवा.” मान देऊन बोलले. माणूस वाईट नाही. मी ‘बघतो’ म्हणालो. ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’ हे आपल्या घरात सगळ्यांना कळतं. इथे त्याचा अर्थ ‘हो’ घेतात.

जुनं मुद्रण मी केलं तेव्हा डबे नव्हतेच. आधीच्या संचालकांनी सांगितलं होतं, नव्या मुलांना शिकवायला हवंय. मीही सणसणीत वाजवून आलो आणि घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं की माझा आवाज आता सरकारी झाला. दोघं हसलो.

तुझ्या मुलाला अखेरचा निरोप दिला त्या दिवशी मी परदेशात होतो, बँडच्या दौऱ्यावर. इथे डबा पाठवला गेला. डब्यात मी होतो. दौऱ्यावरून परत आल्या आल्या तुझ्या दारात आलो, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, “तू आला होतास ना? ऐकलं मी तुला.” आणि दार लावून घेतलंस. आपटलं असतंस तर मी ठोठावलं असतं. तू हळूच लावलंस.

धाकटा

*

३ जुलै

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. टपालवाला आवारात शिरला की मी खिडकीशी जातो.

तुला हसू येईल अशी गोष्ट सांगतो. शताब्दीच्या पुस्तकात बिगुल पथकाचं प्रकरण मी लिहायचं आहे. बाकीची प्रकरणं संगीत शिकून आलेले लोक लिहिताहेत. माझ्यावर आलं, कारण पथकप्रमुख मी, आणि आता पथकात जुना म्हणावा असा दुसरा कुणी उरलेला नाही.

बसलो लिहायला, आणि लक्षात आलं की बँडच्या आधी आम्हीच होतो. प्रत्येक पलटणीत एक बिगूलवाला आणि एक ढोलवाला. माणसांना उठवायचं, जेवायला बोलवायचं, झोपवायचं, आणि मेला तर त्याला पोचवायचं. संगीत वगैरे कुणी म्हणत नव्हतं. ते घड्याळ होतं. पुढे एका सेनापतीला वाटलं, बँड नाही म्हणून पाहुण्या राजांसमोर आपली शोभा होते. म्हणून सगळ्या पलटणींतले वाजवणारे गोळा करून एका आवारात आणले. पहिला बँडमास्तर परका होता. त्याला आपली भाषा येत नव्हती आणि आपल्या लोकांना त्याची. तो म्हणे हातांनीच रागवायचा. त्याने बिगूलवाल्यांसाठी दोन नियम केले, ते अजून आमच्या खोलीत चौकटीत लावलेत. पहिला: अंत्यविधीला बिगूलवाल्याने लांब उभं राहावं, झाडाआड, भिंतीआड, घरच्या लोकांना तो दिसता कामा नये. आवाज कुठून आला हे कळू नये. दुसरा: आपल्या रक्ताच्या माणसासाठी कुणी वाजवू नये. ओठ थरथरतो.

हा दुसरा नियम तुला कधी सांगितला नव्हता. मी इथे असतो तरी त्या दिवशी मला वाजवू दिलं नसतं. पण मग माझ्या पथकातलं कुणीतरी वाजवलं असतं आणि मी तुझ्याशेजारी उभा असतो. फरक आहे की नाही?

आता बँडचे तीन भाग आहेत. पहिला संचलनाचा: लांब पावलं, लांब टोप्या. दुसरा मैफलीचा, त्यांच्याकडे व्हायोलिनसुद्धा आहेत, ते गादीच्या खुर्च्यांवर बसतात आणि हिवाळ्यात त्यांची खोली गरम असते. तिसरे आम्ही. आमची खोली गाड्यांच्या गॅरेजला लागून, म्हणजे अर्धा रियाज इंजिनाच्या सुरात. बिगुलाला कळा नसतात, भोकं नसतात, नुसत्या फुंकेवर पाचच सूर निघतात. मैफलवाले मला ‘पाच सुरांचे शेठ’ म्हणतात. म्हणतात, शेठ, सहावा सूर कधी घेताय? मी म्हणतो, पहिले पाच नीट आले की. एवढ्यावर मिटतं. पण एकेकाळी आमचं पथक मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं राहायचं, आता एका बाकावर मावतं. कुणी निवृत्त झालं की ती जागा मैफलीकडे जाते.

आणि जे उरलेत, तेही दौऱ्यावर हवे असतात. परदेशी कार्यक्रमात सुरुवातीला आम्ही धुरातून बाहेर येतो. खरोखरचा धूर, एका यंत्रातून सोडतात. आम्ही बिगुलं वर करतो, लोक टाळ्या वाजवतात, आम्ही पुन्हा धुरात जातो. बस्स. त्यासाठी पथकातला एकूण एक माणूस नेला होता. तुझ्या मुलाच्या अंगावर दरड कोसळली त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी धुरातून बाहेर येत होतो.

हे मी प्रकरणात लिहिलं. संचालकांनी वाचून पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘वैयक्तिक’.

मी अर्ज केलाय, की डब्यांतून माझा आवाज काढावा. त्यांनी तो प्रशासनाकडे पाठवला. प्रशासनाने तांत्रिक शाखेकडे. तांत्रिक शाखा म्हणते, आवाज कुणाचा आहे हा आमचा विषय नाही, तो नीट वाजतो की नाही हा आमचा विषय आहे. अर्ज संचालकांकडे परत. आता तो त्यांच्या टेबलावर आहे आणि त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलाय.

धाकटा

*

२० जुलै

ताई,

भाऊजींचा फोन आला होता. तुला सांगून केला की न सांगता, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, पत्रं वाचते, पण माझ्यासमोर नाही. मी घरात शिरलो की चष्मा काढून ठेवते. म्हणाले, तुझ्या बहिणीचा राग मी आयुष्यभर पाहतोय, तो चुलीसारखा नाही, तो विहिरीसारखा आहे. मग म्हणाले, एक निरोप आहे. “त्याला म्हणावं, इतिहास लिही.”

पोचला निरोप.

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. देवापुढे बसलो तरी ओठांवर तेच. तुला राग यायचा हक्क आहे, हे मी एखाद्या पाढ्यासारखं म्हणत आलोय. आज नाही म्हणत. ताई, तू मला एकदाही विचारलं नाहीस. वाईट वाटलं का, ते नको होतं विचारायला, ते कुणी विचारलेलं मलाही चाललं नसतं. पण काय झालं, एवढं तरी विचारायचं होतंस. माझाही तो भाचा होता. खांद्यावर बसून माझी टोपी ओढायचा. त्याला सैन्यात मी धाडला असं तुझ्या सासरचं कुणी म्हणालं, ते माझ्या कानावर आलंय, आणि तू त्यांना गप्प केलं नाहीस हेही. मी त्याला ‘बँडमध्ये ये’ म्हणायचो. तो म्हणायचा, मामा, मला आवाज करायचा नाही, रस्ते करायचेत. रस्त्यावरच गेला.

आणि झालं काय, ते मला तरी कुठे कुणी सांगितलं? त्या दिवशी डबा धरला होता तो माणूस मी शोधत होतो. कागदावर नुसतं ‘कर्तव्यावरील शिपाई’ असं होतं. काल तोच माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आमच्याच शेजारच्या गॅरेजमधला ड्रायव्हर. वर्षभर रोज मला सलाम करून जातो. माझा अर्ज, त्यातल्या भाच्याच्या नावासकट, कुणीतरी त्याला वाचून दाखवला, तेव्हा त्याला नातं कळलं.

बिचारा बसेनाच. टोपी हातात फिरवत उभा. म्हणाला, त्याला ट्रक घेऊन पाठवलं होतं, शवपेटीसोबत. तिथे पोचल्यावर अधिकाऱ्याने हातात डबा दिला आणि म्हणाला, नीट उभा राहा, पोट आत घे. लांब उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या स्पीकरचा आवाज झाडापर्यंतसुद्धा जात नाही. डबा वाजवायचा तर माणसांत येऊनच उभं राहावं लागतं. शंभर वर्षं जो माणूस दिसू नये असा नियम होता, तो आता सगळ्यात पुढे.

“साहेब,” तो म्हणाला, “मला काही माहीत नव्हतं. बटण दाबलं की तुम्ही सुरू होता, एवढंच.”

मी हसलो की काय केलं कोण जाणे. त्यालाही कळेना हसावं की नाही.

मग त्याने तुझ्याबद्दल सांगितलं. तू मान खाली घालून उभी होतीस. धून वर चढायच्या आधी ती जागा आली तशी तू एकदम मान वर केलीस आणि इकडे तिकडे बघायला लागलीस. कुणीतरी यायचं राहिलं होतं आणि आलं, अशा चेहऱ्याने, असं तो म्हणाला. मग तुझी नजर त्याच्यावर आली. त्याचे गाल फुगलेले, आणि गळा हलत नव्हता. म्हणाला, “त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला बटण सापडेना. बंद करायचं होतं मला. पण ते पूर्ण वाजल्याशिवाय बंद होत नाही असं वाटलं मला. मी गाल फुगवून तसाच.” आणि तो माझ्यापुढे रडायला लागला, एवढा बाप्या माणूस. त्याला मी पाणी दिलं.

त्या श्वासाचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. उस्तादांनाही नाही, तुझ्या भावजयीलाही नाही. कामावर जाण्याआधी मी गेलेल्या माणसाचं नाव विचारून घेतो. वर चढायच्या आधी थांबतो तिथे मनात देवाचं नाव घेतो आणि त्याला जोडून त्या माणसाचं. तेवढ्यासाठी थांबतो. खोड नाही ती. उस्तादांना ते सांगायची लाज वाटायची, म्हणून खोड म्हणू दिली.

मुद्रण केलं तेव्हा समोर कुणी गेलेलं नव्हतं. पांढऱ्या भिंती आणि काचेमागे एक तंत्रज्ञ. सवयीने थांबलो, पण घ्यायला नाव नव्हतं. ती जागा रिकामीच मुद्रित झाली. आणि तीच तुझ्या मुलावरून वाजली, ताई. तू जे ऐकलंस त्यात मी होतो, पण तो नव्हता. या गोष्टीने माझी झोप उडवलीये. तुझ्या रागाने नव्हे.

धाकटा

*

९ ऑगस्ट

ताई,

आज ध्वनिमुद्रण होतं. गेलो नाही असं नाही. गेलो. मला वाटलं, न जाणं हा भित्रेपणा होईल.

कालच संचालकांशी बोलणं झालं होतं. त्यांनी माझा अर्ज शेवटी वाचला. दार लावून घेतलं आणि मला खुर्ची दिली. म्हणाले, माझं ऐका. युद्ध लढलेली पिढी आता म्हातारी होऊन जातेय, देशभर रोज कुठे ना कुठे अंत्यविधी असतो आणि तुमच्याकडे बाकभर माणसं. ज्या गावी कुणीच पोचू शकत नाही तिथे मुकाट माती द्यायची का? “नसलेल्या माणसापेक्षा असलेला आवाज बरा.”

  त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, हेच तर दुखणं आहे. खोटं बोलणारा माणूस समोर असता तर मी भांडलो असतो. मी म्हणालो, मग माणसं वाढवा. ते म्हणाले, दरवर्षी मागतो, वरून व्हायोलिन मंजूर होऊन येतात. यावर आम्ही दोघंही हसलो, आणि हसल्यावर माझा राग जायला हवा होता. गेला नाही.

मी म्हणालो, दौऱ्यावर सगळं पथक नेऊ नका, अर्धं इथे ठेवा. ते म्हणाले, अर्ध्या पथकाने धूर भरत नाही.

तर आज सकाळी स्नान करून, देवाला नमस्कार करून गेलो. त्याच पांढऱ्या भिंती. तंत्रज्ञ नवा होता, तरुण, नम्र. म्हणाला, काका, एकच विनंती, मध्ये एक श्वास येतो तो टाळता आला तर बघा. मी बिगूल ओठांना लावलं. त्याने काचेमागून बोट वर केलं.

मी तसाच उभा राहिलो. त्याने पुन्हा बोट वर केलं. मला वाटत होतं, हे आता वाजलं की पुढची कितीतरी वर्षं, मी मेल्यावरसुद्धा, मला न विचारता, नाव न सांगता, कुठल्या कुठल्या आयांच्या समोर मी वाजत राहणार. त्या मान वर करणार नाहीत, कारण त्या मला ओळखत नाहीत. ओळखणारी एकच होती.

मी बिगूल खाली घेतलं आणि म्हणालो, नाही जमणार. तो म्हणाला, ओठ दुखतोय का, उद्या करू. मी म्हणालो, ओठ ठीक आहे.

बाहेर आलो तर मैफलीतला एक व्हायोलिनवाला व्हरांड्यात सिगारेट ओढत होता. म्हणाला, काय शेठ, पाचही सूर देऊन आलात का सरकारला? म्हटलं, एकही नाही. त्याने थट्टा तिथेच सोडली. सिगारेट विझवून आत गेला. कधी कधी वाटतं, या लोकांना मी उगाच वैरी समजतो.

तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. ती चिडली. म्हणाली, “तुम्ही नाही वाजवलंत तर दुसरा वाजवेल. डबा थांबणार आहे का? आणि वन्संना या सगळ्याने काय मिळणार आहे? त्यांचं पोर परत येणार आहे?” मी म्हणालो, नाही. म्हणाली, मग हे कुणासाठी चाललंय?  तिच्याकडे असे प्रश्न असतात, सुईसारखे.

संध्याकाळपर्यंत बोलली नाही. एका घरात तू बोलत नाहीस, एका घरात ही. मी अंगणात बसून माउथपीस पुसत बसलो, पुसलेलाच पुन्हा पुसत.

धाकटा

*

३० ऑगस्ट

ताई,

ऐकून घे, मग चष्मा काढ.

त्यांनी दुसऱ्या कुणाला वाजवायला लावलं नाही. माझंच जुनं मुद्रण यंत्रावर घालून साफ केलं. खरखर गेली, श्वासही गेला. तंत्रज्ञाने कौतुकाने ऐकवलं. काचेसारखं झालंय. कुठे माणूस असल्याची खूण नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल, की सुटलो एकदाचा. पण आपलंच थडगं कुणीतरी धुऊन पुसून त्यावरचं नाव घालवावं, तसं वाटलं. हेच मागितलं होतंस ना, असं स्वतःला विचारलं. हो, हेच. माणसाने काय मागावं ते त्याला कळत नाही, म्हणून तर मी देवाकडे नेमकं असं काही मागत नाही.

त्या दिवशी घरी न जाता मैदानावर फिरत राहिलो. तुझ्या भावजयीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो: हे कुणासाठी? डबा बंद करायची ताकद माझ्यात नाही. संचालकांतही नाही. इतिहासाचं ते प्रकरण छापून येईल, त्यात डब्यांचा फोटो पानभर असेल, खाली लिहिलेलं असेल ‘नवी वाट’. माझ्या हातात काय आहे मग? माझे दोन पाय आहेत, आणि ओठ अजून आहे, थोडी वर्षं. ते घेऊन कुठे उभं राहायचं, एवढंच माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेलो. म्हणालो, पथकप्रमुखपद सोडतो. मला साधा बिगूलवाला करा आणि कुठल्यातरी जिल्ह्याच्या छावणीत टाका. तिथल्या अंत्यविधींना मी जाईन. त्यांना वाटलं मी रागाने बोलतोय. म्हणाले, हुद्दा खाली येईल, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, असं कुणी करतं का? मी म्हणालो, पूर्वी सगळे असेच होते, आधी छावणीत, मग बँडमध्ये. मी उलटा चाललोय एवढंच. त्यांनी मग विचारलं, “आणि बाकीच्या जिल्ह्यांचं काय?”

“तिथे डबा,” मी म्हणालो. म्हणताना वाईट वाटलं, पण खरं तेच होतं.

कुठला जिल्हा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितला. त्यांनी नकाशा बघितला नाही, मला वाटतं त्यांना कळलं.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, आता भांडण. ती कपड्यांच्या घड्या करत होती. एक सदरा घडी करून ठेवला, मग दुसरा. मग म्हणाली, “मोठी पेटी माळ्यावरून काढून द्याल का? माझ्याने पोचत नाही.”

धाकटा

*

२२ सप्टेंबर

ताई,

पत्ता वर लिहिलाय तो वाचून तू दचकली असशील. हो, तुझ्याच शहरातली छावणी. तुझ्या घरापासून चालत येण्यासारखी. आम्ही येऊन आठवडा झाला. दोन खोल्या आहेत, भिंतीला ओल आहे, नळाला पाणी सकाळी येतं. तुझी भावजय शेजारणीशी बोलायलाही लागली. मी अजून तुझ्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. तू बोलावल्याशिवाय टाकणारही नाही, त्याची काळजी नको. माझ्यासाठी भाऊजींना फोन करायला लावू नकोस.

काल पहिला अंत्यविधी केला. म्हातारा शिपाई होता, मुलं परगावची, एकच सून आलेली. मी भिंतीआड उभा राहिलो, नियमाप्रमाणे. नाव आधी विचारून घेतलं होतं. वरचा सूर फाटला, ताई. चांगलाच फाटला. नव्या हवेत ओठ कोरडा पडला होता. पथकप्रमुख असतो आणि एखाद्या पोराने असं वाजवलं असतं तर त्याला मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या. पण पुन्हा वाजवायची सोय नाही, आणि नसावीच. परतताना फाटकापाशी ती सून रिक्षाची वाट पाहत होती. माझ्या हातातलं बिगूल पाहून तिने नमस्कार केला आणि विचारलं, किती लांबून आलात? म्हटलं, इथलाच आहे. एवढंच बोलणं झालं.

छावणीच्या कोठारात एक डबा होता. तो मी राजधानीला परत पाठवून दिला. कारण विचारलं तर लिहिलं, ‘येथे आवश्यकता नाही.’ असं सरकारी वाक्य लिहून आयुष्यात पहिल्यांदा समाधान वाटलं.

मी काही जिंकलो नाही. इतर सगळीकडे बटणं दाबली जातायत आणि काचेसारखी धून वाजतेय. तुझ्या मुलासाठी जे व्हायचं राहिलं ते आता होणार नाही, आणि झालं असं मी तुला कधी भासवणारही नाही. रागही गेलेला नाही माझा, कुणावर आहे ते आता नीट सांगता येत नाही, एवढंच. पण मी इथे आलो. हे एक काम पुरं झालं.

स्मशानभूमी तुमच्या मागच्या टेकडीपलीकडेच आहे. वारा तुमच्या बाजूचा असला तर आवाज तुझ्या ओट्यापर्यंत येईल. आला तर मान वर करून बघायची गरज नाही. यापुढे या शहरात जिथून माझा आवाज येईल, तिथे मी उभा असेन.

धाकटा